पेलशा उर्फ लारिव्हे

१

लॉरेत ब्रिझब्वाचा कागदावर विश्वास होता, माणसांवर नव्हता. नवरा गेला तेव्हाही तिनं डॉक्टरांच्या सहीचा कागद दोनदा वाचून मगच रडायला सुरुवात केली, असं सेंत-एमेरांस गावात अजून सांगतात. सांगणारे थोडं वाढवून सांगत असतील, पण फार नाही.

आठवड्यातून तीन दिवस सकाळी ती चर्चशेजारच्या पाद्रीघरात बसून जुन्या नोंदवह्या उतरवून घेई. बाप्तिस्मा, लग्न, दफन. एका माणसाला एक कार्ड. गाव सोडून अमेरिकेतल्या गिरण्यांत गेलेल्यांची नातवंडं पत्रं पाठवत, आमचे पूर्वज शोधून द्या म्हणून. लॉरेत शोधून देई, आणि पूर्वज घोडेचोर निघाला तर तेही कळवी.

या कामात एक चूक प्रत्येकाच्या हातून एकदा तरी होते. पूर्वी इथल्या घरांत बारा-पंधरा मुलं होत, त्यातली चार-पाच पाळण्यातच जात, आणि गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देत. नवशिक्याला वहीत पहिला बाप्तिस्मा सापडतो. तो खूश होतो आणि त्याच मुलाचं वीस वर्षांनी लग्न लावून मोकळा होतो. प्रत्यक्षात लग्न त्याच्या पाठच्या भावाचं असतं. पहिला कधीच मातीत गेलेला असतो. म्हणून लॉरेतचा नियम होता, आधी दफन बघायचं आणि मग लग्न लावायचं.

१९७८च्या ऑक्टोबरात तिची मुलगी मिरेय बाळंत झाली. दोनदा गर्भ पडल्यावर तिसऱ्या खेपेला मुलगी हाताला लागली होती. लॉरेतनं ठरवलं, बाप्तिस्म्याच्या दिवशी जावयाच्या घराण्याची वंशावळ चौकटीत घालून भेट द्यायची. जावई रेजाँ पेलशा, म्हणजे पेलशा उर्फ लारिव्हे. त्यांची शेती नदीकाठी होती आणि वह्या पाद्रीघरात. दोन सकाळींत काम उरकेल असं तिला वाटलं होतं.

२

दुसऱ्या सकाळी तिचं लक्ष एका सहीकडे गेलं.

इथे मुलीचं पहिलं नाव मारीच असतं, मुलाचं जोजेफ. दुसरं नाव धर्ममातेचं किंवा धर्मपित्याचं. तेव्हा १९०९ सालच्या पेलशांच्या मुलीचं नाव मारी दोमितिल आणि धर्ममातेचंही नाव दोमितिल, यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते धर्ममातेच्या सहीचं. पहिल्या अक्षराची शेपटी खाली ओढत ओढत तिसऱ्या ओळीपर्यंत नेलेली. तशी सही लॉरेतनं आदल्याच दिवशी पाहिली होती, पण १७४१ सालच्या वहीत. त्या काळी या गावातल्या बाया म्हटल्या की वहीत ठरलेलं वाक्य असे, 'सही करता येत नाही असे सांगितले'.

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं सगळ्या वह्या खाली काढल्या.

१७०३, १७४१, १७७९, १८१८, १८६४, १९०९. सहा वेळा पेलशांच्या घरात दोमितिल नावाची मुलगी, सहा वेळा दोमितिल नावाची धर्ममाता, आणि सहाही वेळा तीच शेपटी. घराण्यात एकाच वळणाचं अक्षर असू शकतं. आत्यानं भाचीला गिरवायला शिकवलं असेल. लॉरेतनं तसं कार्डावर लिहूनही ठेवलं, आणि नियमाप्रमाणे दफनाची वही उघडली.

सहाही मुली बाप्तिस्म्यानंतर सतराव्या दिवशी पुरलेल्या होत्या.

हजर कोण, तर वडील आणि धर्ममाता. आईचं नाव कुठेच नाही. बाळंतीण घराबाहेर पडत नसे, ठीक आहे. पण पुढे नव्या दोमितिलचा बाप्तिस्माही नव्हता. १८६४च्या त्या घरात नंतर आणखी सात मुली झाल्या, एकीलाही ते नाव दिलेलं नाही. आणि तरी पंचेचाळीस वर्षांनी दोमितिल पेलशा नावाची बाई चर्चमध्ये धर्ममाता म्हणून उभी राहते आणि झोकात सही करते. ती म्हातारी होऊन कधी वारली, याची नोंद मात्र नाही. सहांपैकी एकीचीही नाही.

दफनाच्या सहाही नोंदींशेजारी समासात कुणीतरी एक लहानसा क्रूस काढला होता. प्रत्येक क्रूस वेगळ्या हाताचा आणि वेगळ्या शाईचा. आपल्या आधी कुणीतरी वह्या चाळून गेलंय, असं समजून लॉरेतला रागच आला. वहीत खुणा करणारी माणसं तिला पानं दुमडणाऱ्यांहून वाईट वाटत.

मग तिला आठवलं की १९०९ची दोमितिल ती ओळखते. रेजाँची आत्या. तीन दिवसांपूर्वी तिच्याच हातचं वाटाण्याचं सूप लॉरेत पिऊन आली होती.

३

"पानं हरवतात," फादर गॉद्रो म्हणाले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि लॉरेतकडे न पाहता कोट झटकत होते. "एकदा उंदरांनी अख्खं एक वर्ष खाल्लं होतं."

"उंदीर सहा वेळा एकाच घराच्या मुलीचा बाप्तिस्मा शोधून खातील का, फादर?"

"दुसरा बाप्तिस्मा नसेलच झाला."

"मग ती चर्चमध्ये धर्ममाता म्हणून कशी उभी राहिली? बाप्तिस्मा नसलेल्या बाईला तुम्ही उभं कराल?"

"बाप्तिस्मा एकदाच होतो, लॉरेत. एकदा झालेला पुन्हा करत नाहीत." ते थांबले. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण कोट झटकायचं थांबलं. "दफनही एकदाच," ते हळू आवाजात म्हणाले. "तू आता घरी जा. बाहेर गारठा वाढलाय."

लॉरेत घरी गेली नाही. गावचे पाद्री घरोघर भेटी देऊन एक वही लिहीत, तीत तिनं १९११ साल काढलं. पेलशा, नदीकाठचं घर. आई, वडील, चार मुलगे. मुलगी दोमितिल, वय दोन वर्षं. प्रकृती उत्तम.

निघताना तिनं पहिल्या नोंदीची तारीख पुन्हा पाहिली. १७०३च्या आधी हे लोक नुसते पेलशा होते. 'उर्फ लारिव्हे' त्याच वर्षी लागलं. मूळ पुरुष शिपाई होता, आणि फ्रान्सहून आलेल्या शिपायांना पलटणीत टोपणनावं असत, गुलाब, हसरा, डोंगरफोड्या. पण लारिव्हे म्हणजे 'आलेली'. आलेला नव्हे. धिप्पाड शिपायाला बाईचं नाव कोण ठेवील? आणि त्या साली धर्ममाता म्हणून सही करणाऱ्या पहिल्या दोमितिलचं आडनाव वहीत नुसतंच लारिव्हे होतं. ती कुणाची मुलगी, कुठून आली, काही नाही.

लेखनिकाची चूक, असं लॉरेतनं कार्डावर लिहिलं. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला नाही.

४

पेलशांचं घर नदीकडे तोंड करून होतं. स्वयंपाकघरात चूल पेटलेली, मिरेय आरामखुर्चीत बाळाला घेऊन, आणि खिडकीपाशी आत्या विणत बसलेली. पाठ ताठ, केस पांढरेशुभ्र. कुणी बोलू लागलं की आत्या डावा डोळा मिटून ऐके. बहिरेपणामुळे असेल असं लॉरेतला इतके दिवस वाटत होतं.

"या, विहीणबाई," आत्या म्हणाली. "मेलेल्यांची खुशाली विचारून झाली वाटतं? आज आम्हा जिवंतांचा नंबर."

"तुमचंच विचारायला आले, आत्याबाई. वंशावळीसाठी. तुमचा बाप्तिस्मा कधी झाला?"

"मला कुठलं आठवायला? मी झोपले होते."

मिरेय हसली. आत्याही हसली, पण तिचा डावा डोळा मिटलेलाच राहिला.

"वहीत १९०९ आहे," लॉरेत म्हणाली. "त्यानंतरचा सापडत नाही."

"एकदा झाला तेवढा पुरे झाला. तुमच्याकडे दोनदा करतात का?" आत्यानं सुई बदलली. "आता रविवारी हिचा करू. मी धर्ममाता. म्हणजे नाव आलंच."

लॉरेतनं मुलीकडे पाहिलं. मिरेयनं पोटात असतानाच बाळाचं नाव ठरवलं होतं, क्लेर. मिरेयनं नजर चुकवली.

आत्या कोंबड्यांना दाणे घालायला बाहेर गेल्यावर लॉरेतनं तोंड उघडलं. सहा मुली, सतरा दिवस, सगळं सांगितलं. मिरेयनं शांतपणे ऐकून घेतलं.

"आई, तुझ्यापुढे सूप ठेवलं तर तू आधी त्यात केस शोधतेस. मेलेल्यांची नावं टाळायची म्हटली तर या गावात सगळे बिननावाचे राहतील. तुझंच नाव तुझ्या आधीच्या बहिणीचं होतं ना?"

"होतं. पण तिचा बाप्तिस्मा वेगळा आहे आणि माझा वेगळा. दोन्ही कागद मी पाहिलेत."

"बघ. स्वतःचाही कागद बघून आलीस." मिरेय हसली. तिनं बाळाला छातीशी ओढलं. "हे असलं माझ्यासमोर बोलू नकोस. दोन गेली, मी सहन केलं. हिला काही झालं तर मी राहणार नाही. हे मी उगीच म्हणत नाहीये."

ती उगीच म्हणत नव्हती, हे लॉरेतला दिसत होतं. तिनं सूप मागितलं.

५

शुक्रवारी सकाळी मिरेय अंघोळीला गेली आणि आत्या कोंबड्यांकडे. लॉरेतला चार मिनिटं मिळाली.

मूल दगावेल अशी भीती असली तर घरातल्या कुणीही पाणी घालावं, तो बाप्तिस्मा खरा धरला जातो. हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं, सुईणीनं नाळ कापावी तितकं सहज. आणि फादरच म्हणाले होते, एकदा झालेला पुन्हा करत नाहीत. लॉरेतनं कपात पाणी घेतलं, ते थोडं कोमट केलं आणि बाळाच्या कपाळावर तीनदा ओतलं. "क्लेर, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते." बाळानं तोंड वेडंवाकडं केलं आणि तिचं बोट घट्ट धरलं. लॉरेतला एकाएकी रडू आलं. मग तिनं कप विसळून जागेवर ठेवला.

रविवारी चर्चमध्ये तिनं सगळ्यांसमोर ते सांगून टाकलं. मिरेयचा चेहरा पडला. रेजाँ जमिनीकडे पाहत राहिला; तो एरवीही कमी बोलणारा माणूस, पण त्याचे कान लाल झाले होते. फादरनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"मग पाणी पुन्हा घालता येणार नाही," ते म्हणाले. आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "बाकीचे विधी तेवढे करू आणि नोंद करू."

"तेच म्हणते मी," आत्या म्हणाली. तिनं डावा डोळा मिटून लॉरेतकडे पाहिलं, लाडानं पाहावं तसं. "पाणी तुमचं, विहीणबाई. नाव आमचं. लिहा फादर, मारी दोमितिल."

फादरनी मिरेयकडे पाहिलं. मिरेय आईवर इतकी चिडली होती की तिनं ताडकन मान हलवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फादरनी लिहिलं. आत्यानं सही केली, शेपटी तिसऱ्या ओळीपर्यंत नेली आणि टोपण लावून पेन परत दिलं.

६

लॉरेत रोज जात राहिली. कुणी आग्रहानं बोलवत नव्हतं, पण दार तर उघडत होतं. रोज संधी साधून ती बाळाच्या कानात क्लेर म्हणे, आणि बाळ रोज तिचं बोट धरे. नोव्हेंबरची बावीस तारीख सतरावा दिवस होता. त्या दिवशी आपण तिथून हलायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

बावीसला पहाटेपासून हिमवादळ सुटलं. रस्ता बंद, बस बंद. लॉरेत कोट घालून दारापर्यंत तीनदा गेली आणि तिन्ही वेळा वाऱ्यानं तिला आत ढकललं. तिनं फोन लावला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

"सकाळपासून किरकिर करत होती," मिरेय म्हणाली. "आत्यांनी खाली नेलं, मला म्हणाल्या झोप जरा. आत्ता रेजाँनं आणून दिली. आई, इतकी शांत झालीय म्हणून सांगू. काय दूध पितेय!"

"रेजाँ सकाळपासून कुठे होता?"

"फादरकडे गेला होता बर्फातून. काय अडलं होतं कुणास ठाऊक. तू अशी का बोलतेयस?"

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा होताच लॉरेत पोहोचली. रेजाँ अंगणात फावडं धूत होता. बर्फाच्या फावड्याला चिखल लागत नाही, एवढं तिलाही कळत होतं. त्यानं वर पाहिलं नाही. त्याचे डोळे सुजलेले होते.

आत खिडकीपाशी खुर्ची रिकामी होती. विणकाम तिच्यावर, विणकामावर चष्मा.

"आत्या रिमूस्कीला गेल्या, बहिणीकडे," मिरेय म्हणाली. "काल दुपारच्या बसनं."

"काल बस नव्हती."

"मग कुणाच्या गाडीनं गेल्या असतील. आई, तू बाळाला घे बरं आधी. बघ, जड झालीय की नाही?"

लॉरेतनं घेतलं. बाळ गुबगुबीत होतं, ऊबदार होतं, त्याला दुधाचा वास होता. तेच नाक, तीच हनुवटी. लहान मुलं रोज बदलतात, तिनं स्वतःला बजावलं. मिरेय पाठमोरी होऊन दूध गरम करू लागली तेव्हा तिनं बाळाच्या हातात बोट दिलं आणि कानात म्हटलं, "क्लेर."

बोट नुसतं पडून राहिलं.

विचारू नये हे कळत होतं, आणि विचारल्याशिवाय राहवणारही नव्हतं. जन्मभर तिनं दुसरं केलं काय होतं? ती अगदी हळू म्हणाली, "आत्याबाई?"

बाळानं डावा डोळा मिटला आणि ऐकू लागलं.

"काय बोलतेयस गं तिच्याशी?" मिरेयनं वळून विचारलं. कित्येक वर्षांत लेकीचा इतका सुखी चेहरा लॉरेतनं पाहिला नव्हता.

"काही नाही," लॉरेत म्हणाली. "जड झालीय खरी."

७

दोन दिवसांनी मिरेयला बाळाला डॉक्टरांना दाखवायला न्यायचं होतं. लॉरेत म्हणाली, वाटेत मला पाद्रीघरापाशी पाच मिनिटं थांबव. मिरेय बाळाला घेऊन गाडीत बसली, हीटर सुरू ठेवून.

फादर गॉद्रो टेबलापाशी जणू तिचीच वाट पाहत बसले होते. या वर्षीची दफनाची वही त्यांच्यासमोर उघडी होती. एरवी ती कुलपात असे. लॉरेतनं ती आपल्याकडे ओढली आणि दोनदा वाचली.

बावीस नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. मारी दोमितिल पेलशा, वय एक महिना. हजर, वडील आणि धर्ममाता. खाली रेजाँची थरथरती सही. तिच्याशेजारी ती शेपटी.

"तुम्ही पुरलंत तिला," लॉरेत म्हणाली.

"मी मूल घेऊन येणाऱ्याला परत पाठवत नाही. माझ्या आधीच्यांनीही पाठवलं नाही." फादर थकलेले दिसत होते. "आईला सांगायचं की नाही, ते मी ठरवत नाही. ते नेहमी आजीच ठरवते. आईची आई. ती इथे येते, स्वतः वाचते, नाहीतर पाद्र्याकडून वाचून घेते. मग समासात क्रूस काढते आणि घरी जाते."

लॉरेत त्या सहा क्रूसांवर रागावली होती. आता तिला एकेकीचा हात दिसू लागला.

खिडकीतून गाडी दिसत होती. मिरेय मान खाली घालून बाळाशी काहीतरी बोलत होती आणि हसत होती. हे बोलणं तोडायचं म्हटलं तर एका वाक्यात तुटलं असतं. ते वाक्य लॉरेतकडे तयार होतं, पुराव्यासकट. ते वाक्य उच्चारल्यावर मिरेय राहिली नसती.

"पेन्सिल देऊ?" फादरनी विचारलं.

लॉरेतनं पेन्सिल घेतली नाही. टेबलावरचं शाईचं पेन घेऊन तिनं समासात क्रूस काढला. पण तिचं मन भरेना. चर्चमागच्या दफनभूमीत बर्फाखाली जी होती तिचं नाव दोमितिल नव्हतं. तिच्या कपाळावर लॉरेतनं स्वतःच्या हातानं पाणी घातलं होतं, आणि तिनं बोट धरलं होतं. सहा पोरी परक्या नावाखाली निजल्या, कारण त्यांच्या आज्यांना लिहिता येत नव्हतं. हिच्या आजीला येत होतं. तिनं क्रूसाशेजारी ठळक अक्षरांत लिहिलं, क्लेर.

फादर अर्धवट उठले होते. त्यांचा हात वहीकडे आला आणि मध्येच थांबला. शाई कागदात शिरली होती.

"हे काय केलंस, लॉरेत?"

"खरं ते लिहिलं. आतापर्यंत कुणाला लिहिता येत नव्हतं म्हणून राहिलं होतं."

"१९०९च्या आजीला येत होतं," फादर म्हणाले. "ती गावच्या शाळेत शिकवायची. तिनंही क्रूसच काढला." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "दोमितिलची सही बघितलीस ना तू? तिला वाचता येतं. पहिल्यापासून येतं."

लॉरेतनं पेनाला टोपण लावलं. ते नीट दाबून बसवलं.

"वाचू दे," ती म्हणाली.

बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मिरेय बाळाला शालीत गुंडाळून बर्फातून पाद्रीघराकडे येत होती.

"आई," तिनं पायरीवरूनच हाक मारली, "झालं का तुझं? अगं, इतकी शांत बसली होती, आणि आत्ता एकाएकी आत यायचं म्हणून हट्टच धरलाय हिनं."